उरुईचे पाच गड्डे

कुरोमोरी,
८ एप्रिल १९६२

कायो,

तुमच्या साकाताला बंदरावर एव्हाना वारा उबदार झाला असेल. इथे अंगणाच्या उत्तरेला अजून कमरेएवढा बर्फ आहे आणि काल दिवसभर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही असलं काहीतरी आभाळातून गळत होतं. पत्राची सुरुवात हवेने करायची रीत म्हणून लिहिते. आज हवेपेक्षा मोठं सांगायचं आहे. उभी असलीस तर बस.

काल दुपारी ओनोदेरा टपालवाला आला. डोक्यावरून पाणी निथळत होतं. पायरीवर पिशवी उलटी करून म्हणाला, "सावागुची आजी, कचेरीतून मोजून चौदा जिन्नस घेऊन निघालो. हे पंधरावं कुठून आलं, तुम्हीच सांगा."

"मला काय विचारतोस? पिशवी तुझी की माझी?"

"पिशवी माझी, पण नाव तुमचं आहे," म्हणाला, आणि पुडकं ठेवून निघून गेला. चहालाही थांबला नाही. चहा सोडणारा माणूस नाही तो, तुला माहीत आहे.

पुडक्यावर माझं नाव. खाली पाठवणाऱ्याचं नाव: तेइझो सावागुची. पत्ता नाही. शिक्का भिजून निळा डाग झालेला. अक्षर तुझ्या दादांचं, कायो. चाळीस वर्षं आमच्या मिसोच्या पिंपांवर ज्या अक्षरात तारखा पडल्या, ते मी ओळखणार नाही का?

आत ओलं शेवाळ, शेवाळात उरुईचे, आपल्या त्या डोंगरातल्या रानभाजीचे, पाच गड्डे. पान नाही, मातीचा गोळा नाही, नुसती उघडी मुळं, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी लोंबणारी. सोबत चिठ्ठी: "लगेच लाव. ठेवून देऊ नकोस."

आता उघड्या मुळांचं झाड कुणासाठी थांबत नाही, हे मी तुझ्या दादांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की हात आपोआप चालले. घटकाभर बादलीत भिजवले. डोक्यावर गवताची टोपी चढवली आणि त्या घाणेरड्या हवेत अक्रोडाखाली पाच खड्डे केले. खड्ड्यात मधोमध मातीची ढेपी, तिच्यावर गड्डा बसवायचा, मुळं चहूकडे पसरायची, माती लोटायची. बोटं बधिर झाली होती. चौथ्या गड्ड्याला मी वाकलेली असताना माझ्या पाठीवर पडणारं पाणी थांबलं. आजूबाजूला पडत होतं. समोरच्या पिंपात टपटप चालू होती. फक्त माझ्या पाठीवर थांबलं, जसं कुणी मागे उभं राहून छत्री धरावी. मी वळले नाही. पाचवा लावून झाला आणि पुन्हा पाठ भिजायला लागली.

येत्या १२ मेला त्यांचं तिसरं श्राद्ध, गेले तो दिवस पहिला धरून. डोंगरातून देह मिळालाच नाही, म्हणून थडग्यातल्या कलशात त्यांचा वस्तरा आहे आणि हिवाळ्याची टोपी आहे. देवळातले भिक्षू म्हणतात, मंत्र म्हणायला हाडं लागत नाहीत. त्यांना लागत नसतील, मला लागतात. बोटाचं एक हाड मिळालं तरी चालेल, पण वस्तऱ्यासमोर हात जोडायला मला आता लाज वाटते.

हे पुडकं तू पाठवलंस का? पाठवलं असशील तर तसं सांग. मी रागावणार नाही.

मासुए


साकाता,
१३ एप्रिल

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. मी काही पाठवलेलं नाही. मी इथे माशांच्या खोक्यांत गळ्यापर्यंत बुडाले आहे, गड्डे कुठून पाठवू?

तुम्ही दोन वर्षं त्या टोकाच्या घरात एकट्या राहता आहात. तोंड उघडायचं तर टपालवाल्याशी नाहीतर कोंबड्यांशी. अशाने माणसाच्या पाठीवर पाऊस पडेल नाहीतर थांबेल, त्याचं काय एवढं! कुणीतरी वात्रटपणा केला आहे. दादाने लिहिलेल्या पाट्या गावात सतरा ठिकाणी लटकत होत्या, अक्षर गिरवायला कितीसा वेळ लागतो? आणि दादा कुणाला उरुई पाठवेल हेच मला पटत नाही. डोंगरातल्या स्वतःच्या गुपित जागेवरची उरुई त्याने देवालासुद्धा मोजून वाहिली असती.

ते उपटून टाका. मी गंमत करत नाही. उरुईसारखंच दिसणारं ते विषारी झाड दरवर्षी कुणी ना कुणी उकडून खातं आणि चार माणसं मरतात. कोंब असताना दोघांत फरक कळत नाही. कोणी पाठवलं ठाऊक नाही, कुठून आलं ठाऊक नाही, ते दाराशी कशाला हवं?

श्राद्धाला मी दोन दिवस आधी येईन. सुकी मासळी आणते. गुडघ्याला मी दिलेलं तेल लावता की शेल्फवर ठेवून त्याची पूजा करता?

कायो

ता.क. त्या मुळांना कुठे माती चिकटलेली होती का? कुठल्या रंगाची?


कुरोमोरी,
१९ एप्रिल

कायो,

उरुई ओळखायला मला तू शिकवू नकोस. तू मासळी विकायला लागलीस त्याच्या आधीपासून मी ती निवडते आहे. विषारी झाडाला देठ नसतो आणि पानाच्या शिरा बुडापासून सरळ निघतात. उरुईला लांब देठ असतो आणि शिरा मधल्या शिरेतून फुटतात. पान उघडलं की पोरालाही कळतं. ही उरुई आहे.

हो, पान उघडलं आहे. लावून बाराच दिवस झाले. बाकी गावात उरुई अजून जमिनीखाली झोपली आहे. मंगळवारी पुन्हा वीतभर बर्फ पडला, तर पाचही ठिकाणी बर्फाला भोकं पडली आणि भोकांतून कोंब वर आले.

दुसरंही सांगते. त्या दिवशी थंडीत मी घाई केली आणि गड्डे खोल गाडले. कोंबाचं तोंड मातीच्या बरोबरीला राहिलं पाहिजे, नाहीतर सडतं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर नीट करायला गेले तर पाचही गड्डे वर उचललेले. तोंडं बरोबर मातीलगत. भोवती माती अंगठ्याने दाबलेली, एकेका गड्ड्याभोवती सात सात ठसे. त्यांच्या अंगठ्याचं अर्धं नख कुऱ्हाडीने गेलं होतं, आठवतं? ठशांमध्ये नखाची रेघ अर्धीच आहे. जिवंत होते तेव्हाही माझं लावणं त्यांना कधी पटलं नाही. एवढ्या लांबून येऊनही तेच. मला भीती वाटायला हवी होती, पण आधी राग आला, आणि मग मी तिथेच बर्फात बसून रडले.

आता तुझ्या प्रश्नाचं. मुळं धुतलेली होती, पण गड्ड्यांच्या बेचक्यांत माती राहिली होती. लाल, गंजासारखी, खरखरीत.

कायो, दोन वर्षांपूर्वी गावातली चाळीस माणसं त्यांना शोधत पाच दिवस पूर्वेच्या डोंगरावर हिंडली. रानभाजी खुडायला ते पूर्वेलाच जातात असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं, कारण मला ते तसंच सांगायचे. सायकलही तिकडच्याच पायथ्याशी झाडाला टेकलेली सापडली. अग्निशमन दलाचा भोंगा हातात घेऊन पाच दिवस मी त्या डोंगराला हाका मारल्या. त्या डोंगरावर सगळी काळी माती आहे. लाल माती तिकडे नखभरही नाही.

मग मातीच्या रंगाचं तुझ्या डोक्यात कुठून आलं?

मासुए


साकाता,
२३ एप्रिल

वहिनी,

सहज विचारलं. माती म्हटली की माणूस रंग विचारतो, त्यात काय आलं? लाल माती कुंडीवालेसुद्धा पोत्याने विकतात. ज्याने वात्रटपणा केला त्याने कुंडीतून काढले असतील गड्डे.

ते उपटा आणि नदीत सोडा. हात जोडते. आणि सरळ इकडे या. मागची खोली रिकामी आहे. आमचे हे स्वतः म्हणाले की वहिनींना आणा म्हणून, आणि ते आपणहून काही बोलले म्हणजे केवढी गोष्ट!

माझं डोकं दुखतं आहे, जास्त लिहीत नाही.

कायो


कुरोमोरी,
२७ एप्रिल

कायो,

एवढं छोटं पत्र तू जन्मात लिहिलं नाहीस.

उपटले नाहीत. आता सगळे कोंब गुडघ्याएवढे झाले आहेत आणि पाचही पश्चिमेकडे झुकले आहेत. ऊन दक्षिणेकडून येतं, वारा उत्तरेकडून. पश्चिमेला काय आहे? नदी, नदीपलीकडे निबिड जंगल. परवा मी मुद्दाम एक गड्डा मातीसकट उचलला, उलटा फिरवून परत बसवला. ओनोदेरा बघत होता. तो म्हणाला, "आजी, झाडाला कशाला छळता?" काल सकाळी तो गड्डाही पश्चिमेकडे. ओनोदेरा आता पत्रं फाटकावर ठेवून जातो.

मी ठरवलं आहे. मे महिन्याच्या चार तारखेला मी पश्चिमेला जाणार. नदीवरचे बर्फाचे पूल या दिवसांत आतून पोकळ झालेले असतात हे मला माहीत आहे. दरवर्षी एक तरी जण त्यातून खाली जातो. पण माझं वय अडुसष्ट आहे आणि कलशात वस्तरा आहे. वाट माहीत नाही, म्हणून ही झाडं दाखवतील तिकडे चालत राहीन.

वाट माहीत असलेलं कुणी असतं तर बरं झालं असतं.

मासुए


साकाता,
३० एप्रिल
(जलद टपालाने)

वहिनी,

थांबा. बर्फाच्या पुलावर पाऊल ठेवू नका. कोळसा भाजणाऱ्यांच्या झोपडीपासून नदीच्या वरच्या अंगाला तीनशे पावलांवर दोन खडक आहेत. तिथे पाणी अरुंद आहे आणि दादाने टाकलेला ओंडका आहे. तो पूल. पलीकडे गेल्यावर डावीकडे चढा. बीच जातीची झाडं संपतात तिथे कडा आणि कड्याखाली लाल मातीची पट्टी. तीच त्याची जागा.

हे मला कसं माहीत, ते आता सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून थांबत नाही.

आमचे बाबा गेले त्या वसंतात मी अकरा वर्षांची होते. घरात खायला नव्हतं. दादा मला त्या जागी घेऊन गेला. आम्ही दोघांनी पाठीवरच्या टोपल्या भरून उरुई आणली. परतताना ओंडक्यावर उभं करून म्हणाला, "कुणाला सांगितलंस तर तुला बहीण म्हणणार नाही." आपल्याकडे माणूस मरताना पोटच्या मुलाला जागा सांगत नाही, आणि त्याने मला दाखवली होती! त्याचा मला आयुष्यभर केवढा अभिमान होता, काय सांगू. तुम्हाला माहीत नाही आणि मला माहीत आहे, याचाही होता. लग्न होऊन तुम्ही घरात आलात तेव्हा मी लहान होते आणि मला तुमचा राग यायचा. तेव्हापासूनचं ते माझं एकटीचं होतं.

सायकल तो नेहमी पूर्वेला लावायचा. लोकांनी मागावर येऊ नये म्हणून. तिथून नदीच्या काठाने उलटा पश्चिमेला जायचा. तुम्हाला पूर्व म्हणून सांगायचा, कारण तुम्ही विहिरीवर बोलून जाल अशी त्याला धास्ती. तुम्ही तशा नाही आहात, पण तो तसा होता.

तो हरवल्याचा निरोप आला, मी दुसऱ्या दिवशी पोहोचले. तुमच्या स्वयंपाकघरात शोधणाऱ्यांसाठी भाताचे गोळे वळत होते आणि प्रत्येक गोळ्याला वाटत होतं, आता सांगावं. पण तो पूर्वी दोनदा असाच तीन-तीन दिवस राहिला होता आणि हसत परत आला होता. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर चाळीस माणसं त्याची जागा तुडवतील, उद्या तो परत येईल आणि म्हणेल, "कायो, तू?" म्हणून एक दिवस थांबले. मग दुसरा. तिसऱ्या दिवशी जोरात पाऊस आला आणि मला कळून चुकलं की आता सांगितलं तर सगळे विचारतील, काल का नाही सांगितलंस? आणि त्यानंतर तोंड उघडेना. शोधणारे पाचव्या दिवशी थांबले.

सातव्या दिवशी मी तुमचा निरोप घेतला आणि बसमध्ये बसले, आठवतं? पुढच्या फाट्यावर उतरले आणि तिकडे गेले.

तो कड्याच्या पायथ्याशी होता. पाय मांडीत मोडलेला. टोपली शेजारी. हाताच्या अंतरावरची उरुईची पाच झाडं त्याने उपटून खाल्ली होती, कच्ची, देठापर्यंत. गड्डे बाजूला ओळीने ठेवलेले. पहिल्याची उरलेली पानं वाळून काळी झाली होती. दुसऱ्याची जरा कमी, म्हणजे दिवसाला एक झाड. पाचव्या झाडाची दोन पानं शिल्लक होती, वहिनी. ती अजून हिरवी होती.

मी पहिल्या दिवशी बोलले असते तर तो जिवंत सापडला असता. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशीसुद्धा. हे मला त्या पानांनी सांगितलं.

मी त्याच्यावर माती ओढली. हातांनी आणि त्याच्याच खुरप्याने. ते पाच गड्डे त्याच्यावर लावले, कारण उघडे टाकवेनात. मंत्र येत होते तेवढे म्हटले. मग खाली येऊन संध्याकाळची बस पकडली आणि दोन वर्षं तुमच्या पत्रांना उत्तरं लिहिली.

आता मी काही लपवलेलं नाही, म्हणून हे शेवटचंही खरं माना. पुडकं मी पाठवलं नाही. त्या दिवसानंतर मी तिकडे गेलेली नाही. ते पाच गड्डे म्हणजे तेच पाच, हे तुमच्या पहिल्याच पत्रात मला कळलं आणि म्हणूनच मी मातीचा रंग विचारून बसले.

पोलिसांना सांगायचं असेल तर सांगा. मी नाही म्हणणार नाही.

कायो


कुरोमोरी,
९ मे
(जलद टपालाने)

कायो,

नऊ दिवस तुला उत्तर दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही. तू टपालवाल्याची वाट बघत बसावीस असं मला वाटत होतं. मी पाच दिवस भोंग्यात ओरडले आहे, तुझे नऊ दिवस काही जास्त नाहीत.

चार तारखेला गेले. सोबतीला ओनोदेराला घेतलं. त्याची जायची इच्छा नव्हती. "आजी, मी पत्रं पोचवतो, माणसं नाही," म्हणत होता. कोळशाच्या झोपडीपर्यंत त्याला आणलं आणि म्हटलं, इथे बस, हाक मारली तर ये. पुढे मी एकटी गेले. जाताना तो बघतो आहे असं वाटलं म्हणून मी आधी पन्नास पावलं खालच्या अंगाला गेले आणि झाडीतून वळून वर आले. मग माझं मलाच हसू आलं. चाळीस वर्षं त्यांच्यासोबत काढली त्याचा हा परिणाम.

ओंडका शाबूत आहे. लाल मातीची पट्टी सापडली. उरुई तिथे इतकी आहे की पाय ठेवायला जागा नाही, पण सगळी अजून नखाएवढी. मधोमध एक लांबट उंचवटा, आणि त्यावर पाच खड्डे. रिकामे. कडा साफ, खुरप्याने कापल्यासारख्या, आणि आत पाणी साचलेलं. कुठल्या जनावराने असे खणले नसते. भोवती बर्फ होता आणि बर्फावर माझ्याखेरीज कुणाची पावलं नव्हती. मी तिथे मोठ्याने म्हणाले, "आले मी. आता सरका जरा." आणि खणायला लागले.

पाठीवरच्या टोपलीत घालून मी त्यांना घरी आणलं. माणूस एवढा हलका होतो हे माहीत नव्हतं. दाराशी आले तेव्हा अक्रोडाखालचे पाचही कोंब सरळ झाले होते. ओनोदेराने बघितलं आणि फाटकाबाहेरूनच नमस्कार केला.

पोलिसाला मी सांगितलं, पश्चिमेला मला सहज सुचलं. तुझं नाव घेतलं नाही. उंचवट्याचं त्याने विचारलं तेव्हा म्हटलं, दरड कोसळली असेल. दया म्हणून नाही. हे तुझ्यामाझ्यातलं आहे, त्यात त्या पोरसवदा पोलिसाचं काय काम?

मी तुझ्यावर रागावले आहे, कायो. पानं हिरवी होती ते वाचल्यापासून मी उरुईकडे बघू शकत नाही. राग कधी जाईल सांगता येत नाही, कदाचित जाणारही नाही. हे तुला तोंडावर सांगण्याआधी कागदावर सांगते.

पण तुझ्या पत्रात एक गोष्ट नव्हती. तू घाईत माती ओढलीस, तुला दिसली नसेल. ती सांगायला मी बांधलेली आहे, कारण तू तुझं सगळं सांगितलंस.

अस्वलाने दूर राहावं म्हणून सगळे कमरेला घंटा बांधतात तशी तेही बांधायचे. जागा जवळ आली की लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून घंटेत चिंधीचा बोळा कोंबायचे. चिंधी माझ्याच जुन्या ॲप्रनची असायची. दरवर्षी एक मागून न्यायचे, मला वाटायचं घाम पुसायला नेतात. ती घंटा मला सापडली. त्यांच्या उजव्या हाताची हाडं तिच्याभोवती होती. बोळा आत होता.

त्या जागेवरून समोर पूर्वेचा डोंगर अख्खा दिसतो. चाळीस माणसं दिसली असतील. कंदील दिसले असतील. नदीचा आवाज मोठा आहे, हाक पोचली नसती म्हणून मी मनाची समजूत काढत होते. मग बोळा काढला आणि घंटा एकदा वाजवली. खालून झोपडीपाशी बसलेला ओनोदेरा लगेच ओरडला, "आजी, अस्वल आहे का?"

त्या पाच दिवसांत शोधणारे रोज दुपारी त्याच झोपडीपाशी बसून भात खायचे. तू वळलेला भात. मीच घेऊन जायचे.

घंटा हातात होती आणि त्यांनी बोळा काढला नाही. पाच दिवस, कायो. काढावा असं शेवटी वाटलं का आणि तेव्हा बोटांत जोर राहिला नव्हता का, ते मला कळायला मार्ग नाही. तू तीन दिवस गप्प बसलीस ते त्यांच्या जागेसाठी. ते पाच दिवस गप्प बसले तेही जागेसाठीच. तुम्ही भावंडं एका मातीची आहात. आणि मी तिकडे घसा फोडून ओरडत होते. तुझ्यावर रागावता तरी येतं, तू उत्तर देशील. त्यांच्यावर रागवायला गेले की समोर ही एवढीशी हाडं आहेत.

गड्डे कुणी पाठवले हे मी आता कुणाला विचारत नाही. दोन वर्षांनी का होईना, त्यांनी जागा मला सांगितली असं मी धरून चालले आहे. मला तेवढं पुरे आहे.

अकरा तारखेला सकाळी दहन आहे, बाराला श्राद्ध. दहनानंतर राखेतून हाडं उचलताना दोघांनी एकेक काड्यांची जोडी घ्यायची आणि एकच हाड दोघांनी मिळून धरून कलशात ठेवायचं. भिक्षू म्हणाले, घरचं दुसरं कोण आहे? मी म्हटलं, त्यांची बहीण आहे.

हे काम एकटीला करता येत नाही. दहाच्या संध्याकाळच्या बसने ये.

मासुए